पापणीची घडी

दादा गेल्यावर नवव्या दिवशी त्याचा कुत्रा माझ्याकडे आला. तोवर मी दादासाठी डोळ्यांतून टिपूसही काढलं नव्हतं. चार वर्षं आमचं बोलणं नव्हतं. दोष माझ्या जिभेचा, हे मी कबूल करतो, पण कबूल करायला समोर माणूस लागतो आणि तो तर निघून गेला होता.

कुत्र्याला घेऊन पुतणी आली, दादाची एकुलती एक. तीन जिने चढून दमली होती. एका हातात पट्टा, दुसऱ्या हातात पिशवी, पिशवीत वाडगा आणि जुनं ब्लँकेट.

"काका, दोन महिने ठेवा फक्त. बाळाच्या अंगावर पुरळ येतं याच्या केसांनी. तोवर मी चांगलं घर बघते."

"मला कुत्र्यांतलं काही कळत नाही," मी म्हणालो. "मला चादरींतलं कळतं."

खरंच तेवढंच कळतं. एका मोठ्या लाँड्रीत मी चाळीस वर्षं इस्त्रीवर आहे. हॉटेलांच्या चादरी, डॉक्टरांचे कोट, टेबलांची कापडं, सगळं माझ्या हाताखालून जातं. अख्खा जन्म सुरकुत्या मोडण्यात गेला, आणि उतारवयात घरात काय यावं? ज्याला नखशिखांत सुरकुत्याच आहेत असा प्राणी. कपाळावर घड्या, मानेवर घड्या, पाठीवरचं कातडं दोन मापं मोठं शिवल्यासारखं. मातकट रंग, इवलेसे कान, पाठीवर वळलेली शेपटी. आणि चेहरा असा, की कुणीतरी मघाशीच याचा चारचौघांत अपमान केला आहे आणि हा ते विसरणार नाही.

"नाव काय?"

"आजोबा. पिल्लू होता तेव्हाही असाच दिसायचा, म्हणून बाबांनी ठेवलं. आणि काका, अहो-जाहो करा. बाबा तसंच बोलायचे, अरे-तुरे केलं तर तो ढुंकून बघत नाही."

आता माझ्या घरात मी कुत्र्याला अहो म्हणायचं! मी तिला तसं सुनावलंही. ती हसली नाही. तिने एका दमात सगळं सांगितलं. ही जात चिनी, शार-पे म्हणतात, फार जुनी. शेकडो वर्षं शेतं आणि घरं राखत आलेली. कातडं सैल अशासाठी की कुणी पकडलं तरी हा आतल्या आत वळून उलटा चावू शकतो. जीभ निळी-काळी असते, ती पाहून घाबरू नका. उगाच भुंकत नाही. ओळख व्हायला वेळ घेतो, आणि जीव लावतो तो एकाच माणसाला. घड्यांत ओल राहिली तर कातडं चिडतं, म्हणून रोज सकाळी एकेक घडी उलगडून कोरड्या फडक्याने पुसायची.

"ते जमेल," मी म्हणालो. घड्या हा माझाच प्रांत होता.

ती गेली. कुत्रा दाराकडे तोंड करून बसला आणि संध्याकाळपर्यंत हलला नाही. मी वाडगा भरला, त्याने पाहिलं नाही. मी म्हटलं, "खा." नाही. "जेव रे बाबा." नाही. शेवटी इकडेतिकडे पाहून, भिंतीपलीकडे ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणालो, "आजोबा, जेवून घ्या." तो उठला, दोन घास खाल्ले, परत जाऊन बसला.

तिसऱ्या दिवशी त्याच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं.

कामावरून दुपारी परतलो तर दोन्ही डोळ्यांखालच्या घड्या ओल्या. डोळे अर्धे मिटलेले. मी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसलो. घरात माझ्याशिवाय दुसरा कुणी श्वास घेतोय याचीच अजून सवय व्हायची होती, त्यात हा रडतोय. काय करायचं असतं अशा वेळी? माणूस असता तर पाणी दिलं असतं, दोन शब्द बोललो असतो, तेही वाकडेच निघाले असते म्हणा. त्याला मी काहीच बोललो नाही. मनात म्हटलं, रडू दे. कुणीतरी रडायलाच हवं होतं.

संध्याकाळी पुतणीचा फोन आला.

"जेवले का आजोबा?"

"थोडं."

"बाकी कसा आहे?"

"रडतोय," मी म्हणालो. "तुझ्या बाबांसाठी."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "खरंच, काका?"

"डोळ्यांतून धार लागलीये. मी खोटं कशाला सांगू?"

दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा फोन केला. तिसऱ्या दिवशीही. एरवी वर्षातून एकदा, तोही वाढदिवसाला, "काका बरे आहात ना, बरं ठेवते" एवढाच आमचा संवाद. आता ती रोज संध्याकाळी सहाला फोन करायची. आधी कुत्र्याचं विचारायची, मी सांगायचो. मग ती दादाचं काहीबाही सांगायची. तो भाजी चिरताना शिट्टी वाजवायचा, चष्मा शोधायचा आणि तो डोक्यावर असायचा. मी ऐकायचो. तिने सासरी सांगितलं, ऑफिसात सांगितलं, की बाबांचा कुत्रा अजून रडतो. लोकांना गहिवरून यायचं. एकाने म्हणे स्वतःची आई गेल्यावर जेवढं रडला नव्हता तेवढं हे ऐकून रडला.

खरं सांगायचं तर त्या फोनची मला चटक लागली. पाच वाजले की मी कुत्र्याचे डोळे बघायचो. ओले असले की बरं वाटायचं. आज सांगायला काहीतरी आहे, असं वाटायचं. एखादे दिवशी कमी ओले दिसले तर मी फोनवर थोडं वाढवूनही सांगितलं आहे. माणूस एकटा राहून राहून कोणत्या थराला जातो ते बघा.

कुत्रा हळूहळू कळत गेला. चेहरा वाचायला जाऊन उपयोग नसायचा. तो रागात असो, झोपेत असो, कपाळाला आठ्या त्याच. शेपटी बघायची. ती पाठीवर घट्ट असली की सगळं ठीक, सुटली की काहीतरी बिनसलंय. जिन्यात अनोळखी पावलं वाजली की उठून दाराशी उभा राहायचा, भुंकायचा नाही, नुसता उभा. पोस्टमनने एकदा त्याला पाहिलं आणि तेव्हापासून माझी पत्रं खालीच ठेवतो. खालच्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, "तुमच्यावरच गेलाय हो, तोंड अगदी तसंच." मी म्हटलं, "माझ्याकडे यायच्या आधीपासून आहे ते."

रोज सकाळी कामावर जाण्याआधी मी त्याला पुसायचो. मानेपासून सुरुवात. बोटाने घडी उचलायची, फडकं आत घालायचं, ओल टिपायची, पुढची घडी. त्याचे केस आखूड आणि खरखरीत, हात उलटा फिरवला तर नव्या काथ्यासारखे टोचायचे. तो स्थिर उभा राहायचा. एकेक घडी मी उलगडून पाहिली, पायांच्या, काखेच्या, नाकावरची जाड वळीसुद्धा. डोळ्यांवरची घडी तेवढी कधी उचलली नाही. रडणाऱ्याच्या डोळ्याला हात लावू नये, असं मला वाटायचं. तो कधी पंजाने डोळा चोळायचा, कधी तोंड ब्लँकेटवर घासायचा. मला वाटायचं, डोळे पुसतोय.

आणि दिवसेंदिवस वाळत चालला होता. वाडग्यात अर्धं तसंच राहायचं. कातडं आणखी सैल झालं. दाराच्या चौकटीला उजवीकडून धडकायचा. पुतणी म्हणाली, "बाबांच्या मागे जातो की काय हा?" मी म्हणालो, "तसंच दिसतंय." आम्ही दोघं शहाणी माणसं, पण डॉक्टरचं नाव एकानेही काढलं नाही. दुःखावर डॉक्टर काय करणार?

सात आठवडे झाले असतील. सोमवार, लाँड्रीच्या सुट्टीचा दिवस. दुपारी मी त्याचा वाडगा उचलायला त्याच्या उजव्या बाजूने वाकलो, आणि त्याने माझ्या हाताचा कडकडून चावा घेतला. गुरगुर नाही, इशारा नाही. डाव्या हाताच्या तळव्यात चार दात उतरले. लगेच सोडून तो मागे सरकला, शेपटी सुटलेली, आणि भिंतीला चिकटून उभा राहिला.

माझं डोकं फिरलं. सात आठवडे ज्याला अहो-जाहो केलं, घड्या पुसल्या, त्याने खाल्ल्या ताटात असं करावं? हाताला टॉवेल गुंडाळला आणि सहाची वाट न बघता फोन लावला.

"घेऊन जा तुझ्या बापाचं कुत्रं. मला चावलंय."

"काका, काय झालं? फार लागलंय का?"

"रविवारी ये आणि घेऊन जा. माझ्याच्याने होणार नाही."

"बरं," म्हणाली. "एक कुटुंब आहे, बंगला आहे, राखणीला हवाय त्यांना. विचारते." आणि त्या संध्याकाळी सहाला फोन वाजला नाही. मंगळवारीही नाही.

हाताला टाके पडले. टाके घालणाऱ्या डॉक्टरने सांगितलं, इंजेक्शनं घ्या आणि कुत्रा तपासून कागद आणा. म्हणून, केवळ कागदासाठी, मी त्याला बुधवारी जनावरांच्या दवाखान्यात नेलं. तिथली डॉक्टर तरुण मुलगी होती, बाह्या कोपरापर्यंत वर केलेल्या. तिने माझ्या पट्टीकडे पाहिलं, कुत्र्याकडे पाहिलं आणि विचारलं, "हे पाणी कधीपासून येतंय?"

"रडतोय तो. मालक गेला त्याचा."

तिने अंगठ्याने त्याच्या उजव्या डोळ्यावरची घडी वर उचलली. कुत्रा थरथरला. तिने बॅटरी धरली, रंगाचा एक थेंब घातला, पुन्हा बॅटरी धरली. बुबुळावर हिरवा डाग चमकला, शर्टाच्या बटणाएवढा.

"इकडे या, काका. बघा. पापणीचा काठ आत वळलाय. दोन्ही डोळ्यांना. केस बुबुळावर घासतायत. डोळा मिटला की घासतात, उघडला की घासतात. हा व्रण आहे. या डोळ्याने त्याला उजवीकडचं जवळजवळ दिसत नाहीये."

मी वाकून पाहिलं. मला समजवायची गरजच नव्हती. दुमडलेला काठ आत वळला की काय होतं हे माझ्याइतकं कुणाला माहीत असेल? शर्टाच्या मानेला आतून कडक पट्टी राहिली तर गिऱ्हाईक तासाभरात परत येतं, म्हणतं, टोचतंय. रोज शंभर कॉलर मी उलटून बघतो, आत काही वळलंय का म्हणून. इथे एकच बघायची होती.

"या जातीत हे जन्मापासून थोडंफार असतं," ती म्हणाली. "याने जेवण टाकलं असणार. वजन उतरलं, डोळे खोल गेले, मग पापणी पूर्णच वळली. म्हणून चावला तो. हात येताना दिसलाच नसणार त्याला. किती दिवस झाले म्हणालात?"

"सात आठवडे."

तिने माझ्याकडे पाहिलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. "दुखत असणार हो खूप," एवढंच म्हणाली.

दवाखान्याच्या बाकावर मी बसून राहिलो. सात आठवडे तो दुखण्याने डोळे गाळत होता आणि मी समोर खुर्ची टाकून, त्याच्या दुखण्याचं संध्याकाळच्या गप्पांत भांडवल करत होतो. दादाला घाव घातला तो जिभेने. याला काही न बोलता घातला. मला स्वतःची इतकी शरम कधी वाटली नव्हती.

गुरुवारी ऑपरेशन झालं. पापण्यांचे काठ कापून बाहेर वळवले, बारीक टाके घातले. डावा डोळा वाचला. उजव्यात पांढुरका डाग राहील, उजेड-अंधार कळेल, फारसं दिसणार नाही. दिवसातून चार वेळा थेंब. मी लाँड्रीत रजा सांगितली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. गळ्यात प्लॅस्टिकचं रुंद नरसाळं घालून आजोबा घरभर ठोकरा खात हिंडू लागले. शुक्रवारी त्यांनी वाडगा चाटूनपुसून साफ केला. मी दुसरा भरला, तोही संपला. आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की रविवारी तिला मीच बोलावलंय.

फोन करून नको म्हणता आलं असतं. पण मग डोळ्याचं सांगावं लागलं असतं, आणि ते फोनवर सांगायची माझी छाती झाली नाही.

रविवारी अकराला ती आली. दार उघडलं तर आधी तिची नजर त्या नरसाळ्यावर गेली.

"हे काय?"

मी तिला खुर्ची दिली आणि सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. तो रडत नव्हता हे सांगितलं. पाच वाजता डोळे बघायचो तेही सांगितलं. ती ऐकता ऐकता उठून उभी राहिली.

"सात आठवडे त्याचा डोळा जात होता? आणि तुम्ही मला रोज फोनवर..." तिचा आवाज चिरकला. "मला बरं वाटायचं, काका, ते ऐकून. मी पण नाही म्हटलं कधी की डॉक्टरला दाखवा. शी!" तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं, मग पट्ट्याकडे हात नेला. "चला. ते लोक संध्याकाळी वाट बघतायत. तिथे निदान माणसं तरी आहेत चार."

"नको नेऊस," मी म्हणालो.

"तुम्हीच म्हणालात घेऊन जा."

"म्हणालो. मी काहीही म्हणतो. तुझ्या बाबालाही म्हणालो होतो." मग ते वाक्य मी चार वर्षांनी पहिल्यांदा मोठ्याने उच्चारलं. तुझी आई गेल्यावर दोन महिन्यांनी त्याने हे पिल्लू आणलं. मला दाखवायला जिने चढून इथवर आला होता, स्वेटरमध्ये गुंडाळून. मी दारातच विचारलं, बायको गेली म्हणून कुत्रं आणलंस? तो तसाच वळला. पिल्लाचं तोंडसुद्धा मी पाहिलं नाही.

पुतणीचा पट्ट्याकडे गेलेला हात खाली आला.

"माहीत आहे," ती म्हणाली. "बाबांनी सांगितलं होतं. तुमच्यावर चिडले नव्हते ते. म्हणाले, त्याने बरोबर ओळखलं, आता त्याच्यासमोर जायची लाज वाटते."

लाज त्याला वाटत होती. मला वाटत होतं राग आहे. चार वर्षं मी त्याचा राग उतरायची वाट पाहत बसलो होतो, आणि तिकडे राग नव्हताच. मग पट्टी बांधलेला हात तोंडावर धरून मी रडलो. पुतणीसमोर, पासष्टाव्या वर्षी, आवाज करून. थांबवता येईना.

"मला हवाय तो," मी म्हणालो. "राखणीला नको. माझा दादा गेला म्हणून हवाय."

आजोबा उठले. नरसाळं टेबलाच्या पायाला धडकवत, वळसा घालून आले आणि माझ्या पायांपुढे बसले. माझ्याकडे पाठ करून, दाराकडे तोंड. त्यांचं सगळं वजन माझ्या नडग्यांवर आलं.

पुतणी त्यांच्याकडे बघत राहिली. "बाबांपुढे असेच बसायचे," ती म्हणाली.

तिने बंगल्यावाल्यांना फोन करून नाही कळवलं. मला पुढचे थेंब घालून दाखवायला लावले, मी कसे घालतो ते नीट पाहिलं, दोन चुका काढल्या. जाताना पर्समधून कुत्र्याचं लसीचं पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. पहिल्या पानावर मालकाच्या रकान्यात दादाचं नाव होतं, त्याच्या तिरक्या अक्षरात.

"तुमचं नाव तुम्हीच घाला, काका. मला बाबांचं खोडवत नाही."

ती जिना उतरून गेल्यावर मी पेन घेऊन बसलो. आडनाव तेच होतं, बदलायचा होता तो एकच शब्द. मलाही खोडवला नाही. रकाना लहान होता, तरी त्याच्या नावाखाली मी बारीक अक्षरात माझं लिहिलं.